एडीबीचं छोट्या देशांसाठीचं मदत-प्लॅनिंग : पाचपैकी साडेतीन स्टार

पाचपैकी साडेतीन. आकडा आधीच देऊन टाकतो, कारण खाली बरंच लांबलंय आणि सगळे शेवटपर्यंत येणार नाहीत हे माहितीये.

रिव्ह्यू कशाचा, तर आशियाई विकास बँक म्हणजे एडीबी एखाद्या पिटुकल्या देशाला पुढच्या तीन-पाच वर्षांत काय मदत करायची हे ज्या पद्धतीने ठरवते त्या पद्धतीचा. अख्ख्या बँकेचा नाही, नुसत्या प्लॅनिंगचा. लोक फोटो बघून मत बनवतात, धक्का बांधला, सोलर बसवलं, फीत कापली. पण तो धक्का त्याच बेटावर का आणि त्याच वर्षी का हे आधी कुठल्यातरी कागदात ठरलेलं असतं, आणि बँक त्यातले बरेचसे कागद सगळ्यांसाठी खुले ठेवते, तर मी ते वाचत बसतो. शौक आहे, काय करणार.

नमुन्याचं गिऱ्हाईक म्हणून तुवालू घेतोय, कारण याच्यापेक्षा लहान शोधायला गेलं तर फार थोडे देश उरतात. फिजीच्या उत्तरेला नऊ बेटं, जेमतेम ११ हजार माणसं, राजधानी फुनाफुटी, सगळ्यात उंच जागा समुद्रापासून साडेचार मीटरच्या आसपास, स्वतःचं चलन नाही म्हणून ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि सेंट्रल बँकही नाही. देश १९७८ ला स्वतंत्र झाला, एडीबीत १९९३ ला आला. देशातलं पहिलं एटीएम लागलं ते एप्रिल २०२५ मध्ये, हो, २०२५. कमाई म्हणजे ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींचे परवाने, इंटरनेटवरच्या डॉट टीव्ही डोमेनचे पैसे, १९८७ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या मदतीने उभा केलेला तुवालू ट्रस्ट फंड, आणि उरलेली मदत. बस.

आता एवढ्याशा गिऱ्हाइकासमोर ६९ सदस्यांची बँक मनिलाहून येते आणि विचारते बोला काय देऊ. हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही.

आधी पैशाचं बोलू कारण तिथे बँकेला पूर्ण मार्क आहेत. सवलतीच्या पैशाची, म्हणजे अनुदान किंवा स्वस्त कर्ज, वाटणी मनमानी नसते, फॉर्म्युला असतो. देशाचा कारभार कसा चाललाय याचे गुण, दरडोई उत्पन्न, लोकसंख्या, या तीन गोष्टी. गुणांचा वर्ग करतात म्हणजे कारभार सुधारला की पैसा चांगलाच वाढतो, उत्पन्न जास्त तर वाटा थोडा कमी, आणि लोकसंख्येला घातांक ०.६. हा ०.६ वरवर कंटाळवाणा दिसतो पण छोट्या देशांचा सगळा खेळ त्याच्यावर आहे. सरळ डोकी मोजून वाटलं असतं तर हजारपट मोठ्या देशाला हजारपट पैसा गेला असता, ०.६ मुळे तो साधारण ६३ पटच जातो, बाकी सगळं सारखं धरलं तर. एवढं करूनही तुवालूच्या वाट्याला चिल्लरच आली असती, म्हणून वरून प्रत्येक देशाला दर वर्षी ठरावीक किमान रक्कम. ती आधी ३० लाख डॉलर होती, २०१७ ला सुरू झालेल्या चार वर्षांच्या फेरीत दुप्पट करून ६० लाख केली, पुढच्या फेरीत आणखी वाढली. नुसते ते ६० लाख ११ हजारांनी भागा, माणशी वर्षाला ५४५ डॉलरच्या आसपास येतात. मोठ्या देशांना माणशी इतकं कोण देतंय. शिवाय दोन-तीन वर्षांचा वाटा एकत्र करून एकाच मोठ्या कामाला लावायची सोय आहे, नाहीतर ६० लाखात बंदर कसलं बांधणार.

उत्पन्नाच्या आकड्यात मात्र एक गंमत आहे. ट्यूना कुठल्या वर्षी कुठल्या देशाच्या समुद्रात फिरेल ते हवामानावर असतं, चांगल्या वर्षी परवान्यांचे पैसे धो धो येतात आणि तुवालूचं दरडोई उत्पन्न कागदावर एकदम टुणटुणीत दिसायला लागतं. माणसं तीच, बेटं तीच, पाणी तेवढंच वर येतंय. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीतून तुवालूला बाहेर काढायची शिफारस २०१२ मध्ये झाली तरी तो निर्णय पुढे ढकलतच राहिले. एडीबीसुद्धा त्याला नुसतं उत्पन्न बघून सवलतीच्या गटातून हाकलत नाही, ही समजूतदारी.

मग कर्ज की अनुदान. इथे आयएमएफ आणि वर्ल्ड बँक मिळून जी कर्ज-तपासणी करतात तिचा निकाल बघतात. देश कर्जात बुडायचा धोका जास्त असेल तर सगळा पैसा अनुदान, म्हणजे परत द्यायचा नाही, धोका मध्यम असेल तर थोडं हे थोडं ते, कमी असेल तर कर्ज. तुवालू जास्त धोक्याच्या खान्यात, त्यामुळे सगळं अनुदान. कर्ज मिळालं तरी सगळ्यात गरीब गटासाठी नेहमीच्या प्रोजेक्ट कर्जाच्या अटी म्हणजे ३२ वर्षं मुदत, त्यात पहिली ८ वर्षं मुद्दल नाही, व्याज तेव्हा १ टक्का आणि नंतर दीड, तेही काही गळा कापणारं नाही. हा अनुदानाचा पैसा आशियाई विकास निधीतून येतो, तो निधी देणारे देश दर चार वर्षांनी भरतात, २०२५ ते २०२८ साठी ५ अब्ज डॉलरवर मे २०२४ मध्ये तिबिलिसीला मोहोर लागली.

एक शंका मात्र आहेच. नीट हिशोबाने वागून धोका कमी करून घेतला की अनुदान कमी होतं, म्हणजे शहाणपणाला दंडच. एका बाजूला चांगल्या कारभाराचे गुण वाटा वाढवतात आणि दुसऱ्या बाजूला त्याच चांगल्या कारभाराने त्या वाट्यातलं फुकटचं प्रमाण घटतं. बँकेचं उत्तर असं की ज्याला झेपतं त्याने फेडावं म्हणजे ज्याला झेपत नाही त्याला देता येतं. पटतंही. पण छोट्या देशाच्या अर्थमंत्र्याला ते समोर बसून सांगून बघा.

आता दुसरा भाग, जिथे स्टार कापलेत.

मोठ्या देशासाठी बँक स्वतंत्र भागीदारी धोरण लिहिते, साधारण पाच वर्षांचं, त्याच्या आधी सेक्टरचे अभ्यास, गरिबीचा अभ्यास, महिलांच्या स्थितीचा, खासगी क्षेत्राचा, धोके, मग निकाल मोजायचा तक्ता, आणि त्याच्या खाली पुढच्या तीन वर्षांत कुठले प्रोजेक्ट येणार त्याची यादी, जी दर वर्षी पुढे सरकते. पॅसिफिकमध्ये पापुआ न्यू गिनी, फिजी आणि तिमोर-लेस्ते यांची ही धोरणं वेगळी असतात. बाकीच्यांसाठी बँकेने शॉर्टकट काढला, पॅसिफिक अॅप्रोच नावाचा एकच कागद, २०१६ ते २०२० साठी एक आणि मग २०२१ ते २०२५ साठी दुसरा. दुसऱ्यात बारा देश : कुक आयलंड्स, किरिबाती, मार्शल आयलंड्स, मायक्रोनेशिया, नाउरू, निउए, पलाऊ, सामोआ, सॉलोमन आयलंड्स, टोंगा, तुवालू, वनुआतू. उद्दिष्टं तीन, संकटांची तयारी ठेवणं आणि ती आली की तोंड देणं, सेवा टिकतील अशा पुरवणं, आणि सगळ्यांना सोबत घेणारी वाढ.

हा शॉर्टकट मला आवडतो आणि आवडत नाही, दोन्ही. आवडतो कारण ११ हजारांच्या देशाच्या सरकारला दर पाच वर्षांनी अख्खं धोरण बँकेबरोबर बसून लिहायला लावणं म्हणजे त्याचं बाकीचं काम बंद पाडणं. आवडत नाही कारण निउएमध्ये दोन हजार माणसंसुद्धा नाहीत आणि सॉलोमनमध्ये सात लाखांवर आहेत, दोघांना एकाच कागदात बसवलं की ती तीन उद्दिष्टं इतकी रुंद करावी लागतात की त्यात काय बसणार नाही ते सांगा. रस्ता? सेवा. केबल? वाढ. बंदर? तिन्ही. म्हणजे कागद कशालाच नाही म्हणत नाही, आणि जो प्लॅन नाही म्हणत नाही तो प्लॅन कसला. खरी निवड खाली त्या देशवार प्रोजेक्टच्या यादीत होते, तुम्हाला एखाद्या देशाचं बघायचं असेल तर वरचा सुंदर कागद सोडा आणि थेट ती यादी उघडा, कुठल्या वर्षी किती आणि कशाला, सगळं तिथे आहे.

तुवालूचा स्वतःचाही राष्ट्रीय आराखडा आहे, ते केते नावाचा, २०२१ ते २०३०. बँकेचे कागद राष्ट्रीय आराखड्याशी सुसंगत आहोत असं आवर्जून लिहितात. असणारच, आराखड्यात सगळंच असतं.

आता माझा मुख्य मुद्दा. छोट्या देशाकडे पैसा कमी आहे असं धरून हे सगळं प्लॅनिंग चालतं, फॉर्म्युला पैशाचा, वाटा पैशाचा, धोका पैशाचा. पण तिथे पैशापेक्षा आधी माणसं संपतात. देश लहान म्हणून बंदराचं टेंडर लहान होत नाही. पर्यावरणाचा अहवाल तोच, जमीन घेतली तर पुनर्वसनाचा आराखडा तोच, ऑडिट तेच, खरेदीचे नियम तेच. देशाच्या कारभाराला गुण द्यायचे तेसुद्धा वर्ल्ड बँकेच्याच १६ प्रश्नांवर, १ ते ६ मध्ये, त्यात आर्थिक क्षेत्राचा वेगळा प्रश्न, आणि तुवालूत सेंट्रल बँकच नाही! आता त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला, पुरावे गोळा करायला कुणीतरी बसतं ना, तो कुणीतरी अर्थ खात्यातला तोच माणूस असतो जो बजेटही करतो.

आणि एडीबी एकटी येत नाही. वर्ल्ड बँक येते, आयएमएफ येते, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, तैवान, ग्रीन क्लायमेट फंड. प्रत्येकाचं मिशन, म्हणजे भेटीला आलेलं पथक, मिशनच्या शेवटी काय ठरलं त्याचा मसुदा, त्यावर सही, मग पुढच्या मिशनला मागच्या मसुद्यातलं काय झालं त्याची विचारपूस. मोठ्या मंत्रालयात हे वेगवेगळ्या खात्यांत वाटलं जातं, इथे सगळे तेच दोन-चार चेहरे बघतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं होतं.

बँकेला हे कळत नाही असं अजिबात नाही हां. कळतं, लिहितेही. २०२१ मध्ये तिने नाजूक परिस्थितीतले देश आणि छोटे बेट-देश यांच्यासाठी वेगळा दृष्टिकोन मंजूर केला, त्यात सरळ मान्य केलंय की मोठ्यांची पद्धत इथे जशीच्या तशी चालत नाही. पूर्वी तुवालूचं काम फिजीतल्या सुवाच्या ऑफिसातून बघायचे, नंतर अशा देशांतही छोटी ऑफिसं उघडली, म्हणजे रोजच्या प्रश्नाला विमानाची वाट बघायला नको. बजेटला थेट आधार देताना एडीबी, वर्ल्ड बँक, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तुवालूसोबत बसून सुधारणांची एकच सामायिक यादी ठरवतात, चौघांच्या चार याद्या नाहीत. माझ्या मते या सगळ्या सर्व्हिसमधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच, आणि तिचं कौतुक फारसं कुणी करत नाही कारण फोटो काढण्यासारखं काही नसतं तिच्यात.

पण प्रोजेक्टच्या बाबतीत हे शहाणपण पोचत नाही. यादीत प्रत्येक प्रोजेक्टसमोर रक्कम असते, वर्ष असतं, सेक्टर असतो, सहदेणगीदार असतो. त्या प्रोजेक्टला सरकारच्या बाजूने किती माणसांचे किती महिने लागतील हा रकाना कुठेच नाही. त्याऐवजी काय करतात, तर प्रोजेक्टसाठी वेगळं युनिट उभं करतात, बाहेरचे सल्लागार आणतात. काम होतं, नाही असं नाही, पण प्रोजेक्ट संपला की सल्लागार गेला आणि त्याच्याबरोबर शिकलेलंही गेलं.

त्यात आता नवीन भर. ऑस्ट्रेलियाबरोबरचा फालेपिली करार २०२३ ला झाला, ऑगस्ट २०२४ पासून लागू, त्यात वर्षाला २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीला कुटुंबांसकट साडेआठ हजारांवर लोकांनी नावं नोंदवली, ११ हजारांतले! लोक जाऊ पाहतायत यात काही चूक नाही, कोण थांबवणार आणि का. पण सोडत आहे, कुणाचं नाव निघेल सांगता येत नाही, उद्या टेंडर समजणारा एकमेव माणूस निघाला तर? क्षमता-वाढ नावाचा जो परिच्छेद प्रत्येक प्लॅनमध्ये असतो तो प्रशिक्षण घेतलेला माणूस तिथेच राहणार असं धरून लिहिलेला असतो. ते गृहीतक आता चालणार नाही.

कामाचे नमुने बघू, कारण नुसत्या कागदावर स्टार द्यायचे नसतात.

तुवालूच्या बाहेरच्या बेटांवर जायचं तर जहाज, आणि जहाज किनाऱ्याला लागत नाही कारण मध्ये प्रवाळाची भिंत, मग मधल्या अरुंद वाटेने छोट्या बोटीत उतरायचं, म्हातारी माणसं, आजारी माणसं, गॅसची टाकी, सगळं त्याच बोटीत. २०१६ मध्ये एडीबीने बाहेरच्या बेटांवरच्या सागरी सोयींचा प्रोजेक्ट मंजूर केला, सगळं अनुदान, आधी नुकुलाएलाए बेटावर छोट्या बोटींचं हार्बर आणि मग जादा पैशातून नियुताओ. नुकुलाएलाएला राहतात काही शे माणसं. आता बँकेचा नेहमीचा नियम की प्रोजेक्टचा आर्थिक परतावा साधारण ९ टक्के तरी दिसला पाहिजे, सामाजिक फायद्याच्या कामांना ६ चालतो. काही शे माणसांच्या धक्क्याचा परतावा असल्या गणितात मांडणं म्हणजे कसरत आहे, तरी ते काम यादीत आलं आणि मंजूर झालं याचे मी पूर्ण मार्क देतो. इथे प्लॅनने डोकी मोजली नाहीत, गरज मोजली.

फुनाफुटीत टाफुआ नावाच्या तळ्यावर तरंगतं सोलर बसवलंय, १०० किलोवॉटच्या आसपास. आकडा वाचून हसू येईल, पण जिथे जमीनच नाही तिथे पॅनल ठेवणार कुठे, आणि डिझेल जहाजाने येतं. लहान आहे पण जागेला शोभणारं आहे.

आपत्तीच्या पैशाचं मॉडेल तर मला सगळ्यात आवडलं. २०१७ मध्ये टोंगा, सामोआ आणि तुवालूसाठी आधीच पैसा मंजूर करून बाजूला ठेवला, अट अशी की आपत्तीच्या तयारीची काही धोरणं आधी करा, मग वादळ आलं आणि सरकारने आपत्ती जाहीर केली की पैसा थेट बजेटमध्ये. फेब्रुवारी २०१८ मध्ये गीता वादळ टोंगावर आदळलं आणि ६० लाख डॉलर काही दिवसांत पोचले. मिशन नाही, टेंडर नाही, अहवाल नंतर. म्हणजे माणसांचा वेळ वाचवणारं प्लॅनिंग बँकेला जमतं, कागदपत्रं आधी निवांत वेळी उरकून घ्यायची आणि घाईच्या वेळी कुणाला छळायचं नाही. मग हेच बाकीच्या प्रोजेक्टना का नाही, हा माझा खरा वैताग.

टोंगाचंच आणखी एक. वर्ल्ड बँक आणि एडीबीच्या पैशातून फिजीपासून टोंगापर्यंत समुद्राखालची इंटरनेट केबल टाकली, २०१३ ला सुरू झाली, आठशेवर किलोमीटर. उत्तम काम. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीत ती तुटली आणि देशाचा जगाशी संपर्क जवळपास तुटला, दुरुस्तीला पाच-एक आठवडे गेले. याचा दोष प्लॅनला देत नाही, पण एकाच धाग्यावर अख्खा देश टांगला की दुसरा धागा हा चैनीचा खर्च राहत नाही, आणि माणशी खर्चाच्या हिशोबात तो नेहमी चैनच दिसतो.

नाउरूचं बंदरही याच चष्म्यातून बघा, तिथे मालवाहू जहाज धक्क्याला लागूच शकत नव्हतं, माल छोट्या बार्जवर उतरवायचे, समुद्र खवळला की जहाज ताटकळत. एडीबी, ग्रीन क्लायमेट फंड आणि ऑस्ट्रेलियाच्या अनुदानातून नवं बंदर, साधारण १२ हजार माणसांसाठी. इतक्या जणांनी मिळून पैसे घातले हे छान, फक्त तीन देणारे म्हणजे तिघांना उत्तरं द्यायची हेही आलंच.

देखभालीबद्दल एकच सांगतो. बांधा, विसरा, पुन्हा बांधा, या चक्राबद्दल त्या भागात इतकं लिहिलं गेलंय की ते आता सगळ्यांना पाठ आहे. खारं वारं, सुटे भाग जहाजाने येणार, आणि देखभालीचा खर्च सरकारच्या चालू बजेटमधून, जिथे आधीच शाळा आणि दवाखाना रांगेत उभे आहेत. बांधकामाला अनुदान देणारी बँक पुढच्या दहा वर्षांच्या पंपाच्या वॉशरला का देत नाही हे मला कधी कळलं नाही. धाकट्या देशासाठी देखभालीचा निधी प्रोजेक्टच्या रकमेतच बाजूला काढून ठेवायला काय हरकत आहे, तुवालूकडे तर ट्रस्ट फंड चालवायचा जवळपास चाळीस वर्षांचा अनुभव आहे, चांगल्या वर्षीचं उत्पन्न बाजूला काढून वाईट वर्षाला वापरायचं हे त्यांना बँकेने शिकवायला नको.

कुणाला कामाचं : विकास अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी हे कागद जरूर वाचावेत, पुस्तकातला फॉर्म्युला प्रत्यक्षात एखाद्या देशाला काय देतो ते इथे दिसतं. कुठलाही देश घ्या आणि आधी कर्ज-तपासणी वाचा, मग यादी, मग जमलं तर प्रस्तावना. प्रस्तावना वगळली तरी काही बिघडत नाही. बँकेतल्या मतदानाचाही भाग बघा, एकूण मतांपैकी २० टक्के मतं सगळ्या सदस्यांत सारखी वाटलेली असतात त्यामुळे तुवालूला भांडवलाच्या मानाने मत बरंच जास्त मिळतं, तरी जपान आणि अमेरिका यांच्यासमोर ते मत म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

पॅसिफिकसाठीचा पुढचा कागद हातात आला की मी तीन ठिकाणी थेट जाणार आहे. प्रोजेक्टची संख्या कमी करून आकार वाढवलाय का, बजेट बनवायच्या महिन्यांत मिशन पाठवणार नाही असं लिहून दिलंय का, आणि त्या यादीत माणसांच्या वेळेचा रकाना आलाय का. तिसरा आला तर चौथा स्टार त्याच दिवशी देतो.